तिसरा ग्लास

मे महिन्याच्या दुपारी एसटी दहा मिनिटं थांबली की अर्धी गाडी रसवंतीकडे धावते. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज, बाजूला पडणारी चिपाडं, आल्या-लिंबाचा वास, ग्लासाच्या काठापर्यंत चढलेला फेस. सोलापूरच्या वाटेवरच्या अशाच एका थांब्यावर साठीचे एक गृहस्थ बाकावर बसून रस पीत होते. पहिला ग्लास एका दमात संपला, दुसराही तसाच. मग ते उठून मुतारीकडे गेले, परत आले आणि त्यांनी तिसरा ग्लास सांगितला. शेजारी बसलेल्या बाईंनी पायानेच त्यांची एक चप्पल बाकाखालून पुढे सरकवली. ती तिथेच राहिली होती आणि ते एका पायाने अनवाणीच तापलेल्या मातीतून जाऊन आले होते. "ऊनच असलं पडलंय," बाई रसवाल्याला म्हणाल्या, "चार दिवस झाले, हे नुसतं पाणी पाणी करतायत." तिसरा ग्लास रिकामा करून ते पुन्हा मुतारीकडे वळले. कंडक्टरने घंटी वाजवली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. "भाऊ, दोन मिनिटं थांबा, हे परत गेलेत." आतून कुणीतरी चुकचुकलं. ते आले, गाडी हलली, आणि सगळा दोष उन्हाच्या माथी मारून झाला.

त्या दोन मिनिटांचा सल मात्र जात नाही.

कारण उन्हाने तहानलेला माणूस मुतारीकडे फारसा फिरकत नाही. घामावाटे पाणी गेलेलं असतं, मूत्रपिंडं उरलेलं जपून ठेवतात, म्हणून लघवी थोडी होते, गडद पिवळी होते, कधी जळजळते. मधुमेहात रक्तातली साखर वाढून लागणारी तहान याच्या अगदी उलट. पाणी पोटात जातं तितकंच बाहेर पडतं. लघवी फिकट, पाण्यासारखी आणि दर खेपेला भरपूर. वयस्कर पुरुषांत आणखी एक गफलत होते. 'प्रोस्टेटचं असेल' म्हणून विषय मिटवला जातो. प्रोस्टेटमुळेही रात्री उठावं लागतं, पण तेव्हा लघवी थोडी थोडी, अडखळत होते आणि साफ झाल्यासारखं वाटत नाही. साखरेने होते ती तांब्याभर होते, आणि माणूस परत येऊन आधी पाण्याची बाटली शोधतो. प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण दीड-दोन लिटर लघवी होते. ती तीन लिटरच्या वर गेली तर कारण शोधायलाच हवं. मोजायला अवघड नाही. उशाशी पिण्याच्या पाण्याची लिटरची बाटली ठेवायची आणि दोन दिवस ती किती वेळा भरली, रात्री किती वेळा उठावं लागलं, एवढं कॅलेंडरवर टिपायचं. 'हल्ली तहान फार लागते' यापेक्षा 'रात्रीत दोन बाटल्या संपल्या, चार वेळा उठलो' हे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं.

आत काय घडतं ते धरणाच्या सांडव्यासारखं आहे. मूत्रपिंडं रक्तातली साखर आधी गाळून घेतात आणि मग जवळजवळ सगळी परत आत ओढतात. ही ओढून घेण्याची ताकद रक्तातली साखर साधारण १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही याच मापात) होईपर्यंत पुरते. पातळी त्याच्या वर गेली की साखर सांडव्यावरून लघवीत पडू लागते, आणि साखर एकटी जात नाही, पाणी ओढून नेते. म्हणजे पाणी जास्त प्यायल्यामुळे लघवी वाढलेली नसते. लघवी वाढली म्हणून तहान लागलेली असते. हा क्रम उलटा समजला की घरातली माणसं 'रात्री पाणी कमी पी, म्हणजे उठावं लागणार नाही' असा सल्ला देतात, आणि आधीच सुकत चाललेलं शरीर आणखी सुकतं. हा सांडवा सगळ्यांचा सारख्या उंचीवर नसतो. गरोदरपणात तो खाली येतो, म्हातारपणी बऱ्याचदा वर जातो. म्हणूनच सत्तरीच्या आजोबांची शुगर २२० असूनही लघवी फार वाढलेली नसते, आणि 'काही त्रास नाही' हे ते खरंच सांगत असतात. मधुमेहाचा निवाडा लघवीवरून होत नाही तो याचसाठी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, तपासणीत ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसीत ६.५ टक्के किंवा अधिक, या त्याच्या खुणा. ठळक लक्षणं नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात. ठळक लक्षणं असतील आणि अवेळी केलेल्या तपासणीतही आकडा २०० किंवा अधिक असेल, तर तेवढंही पुरतं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी या रोगाला नावच मधुमेह दिलं, मधासारखी लघवी. लघवीला मुंग्या लागतात हे त्यांनी पाहिलं होतं. अगदी कालपरवापर्यंत घराला मागे मोरी होती, फरशीवर मुंग्यांची रांग दिसली की घरातली म्हातारी बाई काय ते ओळखायची. आता फ्लश ओढला की सगळं पाण्यासोबत जातं. कुणाला काही दिसत नाही, मुंग्यांनाही नाही. मोरी गेली याचं दुःख करावं असं काही नाही. पण एक खूण गेली, आणि तिच्या जागी बोटाला सुई टोचण्याची सवय अजून पुरती लागलेली नाही.

बाकीच्या खुणांनाही आपण अशीच दुसरी नावं देऊन टाकतो. वजन उतरतं तेव्हा लोक कौतुक करतात. खरं तर शंभर ग्रॅम साखर लघवीतून गेली म्हणजे चारशे कॅलरी गेल्या. ताटात पुरेसं असूनही पेशींपर्यंत काही पोचत नाही, मग शरीर स्नायू आणि चरबी मोडून खातं. भूक वाढलेली आणि पॅन्ट ढिली झालेली, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर कौतुक थांबवून आधी शुगर तपासावी. दृष्टी धूसर होते तेव्हा माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं, भिंगाचा आकार बदलतो आणि नंबरही. त्या दिवसांत केलेला चष्मा साखर उतरल्यावर निरुपयोगी ठरतो. काही आठवडे साखर स्थिर राहू द्यावी आणि मगच नंबर काढावा. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा पडदा आला तर मात्र एक दिवसही थांबू नये, तो डोळ्याच्या आतल्या रक्तस्रावाचा इशारा असू शकतो. थकव्याला 'वय झालं' म्हणतात. पुन्हा पुन्हा येणारी गळवं 'उष्णता' होतात. आणि एका खुणेबद्दल तर बोललंच जात नाही. जांघेतली, योनीमार्गातली खाज, पांढरं जाणं, पुरुषांत शिश्नाच्या टोकाची त्वचा लाल होऊन चिरणं. साखर मिसळलेल्या लघवीवर बुरशी पोसते. बाई महिनोन्महिने मलम आणून लावते, ते लावत असेपर्यंत बरं वाटतं, पुन्हा सुरू. कितीतरी जणींचा मधुमेह या खाजेनेच पहिल्यांदा दार ठोठावलेलं असतं, पण ती गोष्ट नवऱ्याला सांगायची नाही, पुरुष डॉक्टरांना तर नाहीच, असा आपला रिवाज. या संकोचाची किंमत फार मोठी आहे.

'बारीक माणसाला कशी शुगर होईल?' हा आणखी एक पडदा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मोजमापं घेतली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं जवळपास सगळ्याच मापांत लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला काटकुळा आणि आतून चरबी राखून असलेला देह ही आपली जन्मापासूनची ठेवण. शर्ट सैल बसतो म्हणून तपासणी टाळणं आपल्याला परवडत नाही.

आता घरातल्या यंत्राकडे येऊ. आमरसाच्या दिवसांत ग्लुकोमीटर घरोघरी माणसांना घाबरवतो. जेवणानंतर आजीचं बोट टोचलं, ३४० आले, घरात धावपळ, फोनाफोनी. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटावर तपासलं तर १७८. पहिला आकडा रक्तातल्या साखरेपेक्षा बोटावरच्या हापूसचा जास्त होता. थेंब इतका लहान असतो की सोललेल्या फळाचा न दिसणारा लेपही त्यात भर घालतो, आणि नुसतं स्पिरिट फिरवून तो नीट जात नाही. साबण आणि पाणीच हवं, आणि नंतर हात पूर्ण कोरडे, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो. टोचायचं ते बोटाच्या कडेला. मधल्या गुबगुबीत भागावर दुखतं जास्त. हात खाली सोडून थोडा झटकला की थेंब सहज येतो. बोट जोरात पिळू नये. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी मुदतीच्या आतच बिघडते, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचीही तशीच. आणखी एक, २५० आणि २७० यांवरून कुणी कुणाशी भांडू नये. १०० किंवा त्यावरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे होणं चांगल्या यंत्राच्या मान्य मापदंडात बसतं. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल पाहावी: उपाशीपोटी किती, जेवल्यावर दोन तासांनी किती, आणि असं चार-पाच दिवस. मधुमेह असलेल्या बऱ्याच प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य धरतात. फार वृद्ध, एकट्या राहणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात.

तीन महिन्यांची सरासरीही डोळे मिटून मानण्यासारखी नसते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ९ टक्के म्हणजे २१२. पण हा हिशेब तांबड्या पेशी आपलं नेहमीचं आयुष्य जगतात असं धरून केलेला आहे. लोह कमी असेल तर आकडा फसवा जास्त दिसू शकतो. गडचिरोली, नंदुरबार भागात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, त्यात पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येतो. अशा माणसाचा 'छान' अहवाल आणि रात्रीच्या चार फेऱ्या एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी फेऱ्यांवर विश्वास ठेवावा.

मधुमेह ठाऊक असलेल्या घरात एखाद्या संध्याकाळी खरंच ३०० दिसले, हात धुऊनही दिसले, तर काय करायचं? पहिला प्रश्न माणसाला: उलटी, पोटदुखी, धाप, ताप, गुंगी यांपैकी काही आहे का? नसेल तर घाईचं कारण नाही. साधं पाणी, तासाला एखादा ग्लास. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून. मग मागे वळून पाहायचं: गोळी चुकली का, इन्सुलिन राहिलं का, गुडघ्यात किंवा खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं का (ते काही दिवस साखर चढवतं), दात ठणकतोय का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, पायाला जखम आहे का. जेवण तोडायचं नाही, भात-भाकरीचं प्रमाण कमी करायचं. बरं वाटत असेल तर पंधरा-वीस मिनिटं सपाटीवर सावकाश चालायचं. लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनचा जादा डोस डॉक्टरांनी आखून दिला असेल तर तो एकदाच. दीड तासाने आकडा उतरला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा, असं करू नये. ते इन्सुलिन चारेक तास काम करत राहतं, एकावर एक थर चढतात आणि पहाटे तीनला साखर खड्ड्यात जाते. दोन-तीन तासांनी पुन्हा तपासावं. दोन-तीन दिवस २५० च्या वरच राहिली तर फोनवर निभावू नये, दाखवायला जावं.

एक चकवा इथे हमखास असतो. महिनोन्महिने ३०० वर राहिलेल्या माणसाची साखर औषधाने १४० वर आली की त्याला हात थरथरणं, घाम, धडधड होते. शरीर उंच पातळीला सरावलेलं असतं, त्याला १४० सुद्धा खड्डा वाटतो. मग 'शुगर कमी झाली' म्हणून पेढा जातो तोंडात. थरथर सुटली की शक्य तर आधी तपासावं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात घालून लगेच द्यावी. १४० असेल तर थोडं बसावं, पाणी प्यावं, आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर सरावतं. यंत्र हाताशी नसेल तर मात्र साखर द्यावी, तिथे वाट पाहणं जास्त धोक्याचं.

इन्सुलिन घेऊनही साखर उतरत नाही तेव्हा डोस वाढवण्याआधी सिरिंज पाहावी. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० युनिटची बाटली आणि १०० युनिटची बाटली, दोन्ही मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० रेघा भरल्या तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटं झालं तर २० ऐवजी ५०, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुकानदाराने 'ती संपलीय, ही घ्या' म्हटलं तर नको म्हणावं, दुसरं दुकान गाठावं. नंतर पोट दाखवायला सांगावं. रोज एकाच जागी टोचून बेंबीशेजारी सुपारीएवढ्या गाठी झालेल्या असतात. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी जात नाही. जागा बोटभर अंतराने बदलत राहावी, सुई पुन्हा पुन्हा वापरू नये. ढगाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर तळहातांत हलकेच फिरवून, वीसेक वेळा वरखाली करून एकजीव करावं. जोरात हलवू नये. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर वरून चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यावं. वापरातली बाटली बहुतेक प्रकारांत चार आठवडे घरच्या तापमानात चालते, पण घर ३० अंशांच्या आत असेल तर. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात, फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं चांगलं काम देतं. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवायची आणि वाळू ओली राखायची.

उपवासाबद्दल थोडंच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्यांच्या वहीत आकड्यांनिशी उतरते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर केळं. भाकरीचंही तेच, ज्वारीची म्हणून चार चालत नाहीत. आणि ज्यांना लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, चालू आहेत त्यांनी कडक उपवास किंवा शस्त्रक्रिया यांच्या आधी, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर, डॉक्टरांना विचारून त्या थांबवाव्यात. त्या गोळ्यांवर रक्तात आम्ल साचतं तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतही नाही.

आता पळत सुटण्याच्या खुणा. इन्सुलिन अजिबात पुरत नाही तेव्हा शरीर चरबी जाळतं आणि कीटोन तयार होतात. पोटात कळा, उलट्या, श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास, आणि धावून आल्यासारखा खोल, जलद श्वास. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशी, मुलं कितीदा 'अपेंडिक्स असेल', 'गॅस्ट्रो असेल' म्हणून चुकीच्या दारात नेली जातात. नीट झोपणारं मूल अचानक अंथरूण ओलं करू लागलं, पाणी पाणी करू लागलं, वाळत चाललं, तर त्याच दिवशी शुगर तपासावी, दुसऱ्या दिवशीही नको. अशा आजारपणात खाणं जात नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. 'जेवलाच नाही, मग इन्सुलिन कशाला' हे वाक्य मुलांना थेट अतिदक्षता विभागात नेतं. २५० च्या वर साखर आणि सोबत उलट्या असतील तर लघवीची कीटोन पट्टी पाहावी. कीटोन निघाले तर चालणं, व्यायाम वगैरे नाही. म्हाताऱ्या माणसांचं वेगळं. त्यांच्यात हे दिवसांगणिक हळूहळू येतं. साखर ६०० च्या वर जाते, वासबीस काही येत नाही, माणूस फक्त सुस्तावतो, तोंड कोरडं, बोलणं विस्कळीत, नातवाचं नाव चुकतं. घरचे म्हणतात, 'उन्हाने ग्लानी आलीय, झोपू दे.' कधी एक बाजू लुळी पडल्यासारखीही वाटते. पाणी पोटात टिकत नसेल, श्वास बदलला असेल, शुद्ध हरपत असेल, तर १०८ ला फोन करावा, आणि 'मधुमेह आहे' हे पहिल्या वाक्यात सांगावं.

वाढलेली साखर दुखत नाही, इतकंच तिच्याबद्दल खरं वाईट आहे. दुखलं असतं तर आपण केव्हाच उठलो असतो. उलट ती दुखणंच काढून घेते. वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा सुकतात. आधी मुंग्या, रात्री आग, मग कापसावर चालल्यासारखं, आणि मग काहीच नाही. पायातून चप्पल निसटते आणि माणूस तसाच चालत राहतो. देवळाच्या तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालून घरी येतो आणि संध्याकाळी सून विचारते, तळपायाला हे फोड कशाने आले.

त्या बाईंनी बाकाखालून चप्पल पुढे सरकवली होती ती सवयीने. म्हणजे हे पहिल्यांदा घडत नव्हतं. तहान चार दिवसांची असेल, पाय मात्र कितीतरी वर्षं सांगत होते. आणि तहान भागवायला समोर आला तो उसाचा रस, एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर. तीन ग्लासांत किती ते मोजावंसंही वाटत नाही. साखर सांडव्याच्या आणखी वर चढणार, पाणी आणखी जाणार, पुढच्या थांब्यावर तहान आणखी मोठी. परक्या माणसाला 'काका, लघवी कमी झालीय की वाढलीय?' असं भर रसवंतीत विचारायला जीभ रेटत नाही, हे खरं आहे. बाईंना बाजूला घेऊन विचारता आलं असतं. "काकू, रात्री किती वेळा उठतात?" त्या लगेच सांगू शकल्या असत्या, कारण दर वेळी दिवा त्याच लावत असणार. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बोट टोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

गाडी सुटली तेव्हा ते खिडकीशी बसले होते. मांडीवर लिटरची बाटली, थांब्यावर भरून घेतलेली. बूच लावलेलं नव्हतं.